गडग्याला खिंडार आहे तिथे

पहाटे साडेचारला कडी वाजली.
तिघे उभे, बॅटऱ्या जमिनीकडे वळवून.
"बाई, आमचं जनावर तुमच्या हद्दीत पडलंय.
नेऊ का?"

मी चष्मा शोधेपर्यंत
कुत्रा त्यांच्या पायांचा वास घेऊन गप्प बसला होता.
नेहमीचे असणार.
बंदूक कुठेच दिसत नव्हती, म्हणजे
पलीकडे कुठल्यातरी झाडाला टेकवलेली.

पुढे होता तो सोयरू झर्मेकर.
चौथीत गावाचा नकाशा काढायला लावला होता,
त्याची नदी बरोबर, देऊळ बरोबर,
शाळा मात्र रानात.
सीमा तुटक रेषेनं दाखवतात, मी सांगितलं,
तर यानेच विचारलं,
म्हणजे मधल्या फटींतून जायचं का, बाई?
वर्ग हसला. मीही हसले.
उत्तर द्यायचं राहून गेलं.

फाटकावरची पाटीसुद्धा त्याच्याच हातची.
पिवळ्यावर काळं: खाजगी जमीन.
आत येण्यास सक्त मनाइ.
दीर्घ कर रे ती, मी म्हटलं.
रंग संपला, म्हणाला, पुढच्या खेपेला.
त्याला चार वर्षं झाली.
खेपा बऱ्याच झाल्या असाव्यात,
रात्रीच्या.

आम्ही काजूंतून खाली गेलो.
पायांखाली बोंडू फुटत होते, आंबूस वास.
गडग्याला जिथे खिंडार आहे तिथे
चिऱ्यावर रक्त दिसत नाही, तांबड्यावर तांबडं.
हात लावला की कळतं.

सातव्या झाडाखाली पडली होती.
मादी. थानं भरलेली.
तिघांपैकी कुणीच हे बोललं नाही
आणि तिघांनीही बॅटरी तिथून हलवली.

"गोळी पलीकडे लागली," फोंडू म्हणाला,
"तुमच्या जमिनीत आम्ही काहीच केलं नाही."
पलीकडे सरकारी रान.
"मग तर आणखी मोठा गुन्हा."
"म्हणूनच इकडे येऊन मेली," सोयरू म्हणाला,
आणि त्याचं त्यालाच हसू आलं नाही.

कायदा मला पाठ नाही.
मारणं एक कलम, घुसणं दुसरं,
वाटा घेणं तिसरं असेल.
मागची एक मांडी बाईंना, हे त्यांनी
दाराशी येण्याआधीच ठरवलं होतं.
ज्याच्या जमिनीत पडतं त्याचा मान,
आजोबांपासूनची रीत.

"माझ्या जमिनीत," मी सुरुवात केली
आणि पुढचं वाक्य सुचेना.
एक-चौदाच्या उताऱ्यावर वरच्या रकान्यात
मोकाशाचं नाव आहे, मेलेल्या माणसाचं.
माझ्या सासऱ्यांचं खाली, कुळ म्हणून,
तेसुद्धा कुणीतरी घाईत लिहिल्यासारखं.
मामलेदाराकडे एकवीस वर्षं तारीख आहे.
त्या कागदाच्या हिशेबानं
परवानगीशिवाय आत आलेले आम्ही चौघं.
तिला धरून पाच.

"नेऊ नका," मी म्हटलं. "जा."
वर्गात म्हणायचे तसंच म्हटलं असावं,
कारण ते गेले.
खिंडारातून नाही, फाटकातून,
पाहुण्यांसारखे, चपला वाजवत.
सोयरू पाटीपाशी थांबला,
नखानं काहीतरी खरवडलं,
मग तोही गेला.

वनखात्याचा नंबर
शाळेच्या जुन्या डायरीत आहे.
डायरी घरात, घर वर,
मी तिथेच एका चिऱ्यावर बसून राहिले.
रान उजाडताना आधी पक्षी थांबतात थोडा वेळ,
तसे थांबले.

खिंडारात काहीतरी हललं.
एक. मग मागून दोन.
पाठींवर पिवळट पट्टे,
मध्येमध्ये तुटलेले.
पडक्या चिऱ्यांच्या उंबऱ्यावर उभी राहिली तिन्ही,
नाकं वर, आत यावं की नाही.

मी कुत्र्याच्या तोंडावर हात ठेवला.